पुराव्याची मांडणी आणि वाचकाचा अधिकार

१

मराठी साहित्यसंशोधनाच्या नियतकालिकांतील लेखांत संदर्भांची वाण सहसा नसते. एका पानात चार ग्रंथांची नावे येतात, दोन मान्यवर समीक्षकांची मते उद्धृत होतात, मूळ कृतीतील पाच-सहा अवतरणे दिली जातात आणि परिच्छेदाच्या अखेरीस ‘यावरून हे सिद्ध होते की’ या शब्दांमागोमाग निष्कर्ष येतो. वाचणाऱ्या प्राध्यापकाला वा पदव्युत्तर विद्यार्थ्याला लेखकाचा व्यासंग जाणवतो. परंतु त्या निष्कर्षाशी सहमत व्हावे की नाही, हे ठरविण्याचे साधन त्याच्या हाती पडत नाही. अवतरण आणि निष्कर्ष यांच्यामधली पायरी लेखकाने मनातल्या मनात चढलेली असते. कागदावर ती उमटलेली नसते.

पुरावा गोळा करणे आणि पुरावा मांडणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले काम संशोधक स्वतःच्या खात्रीसाठी करतो, दुसरे वाचकाच्या खात्रीसाठी. संशोधनपद्धतीच्या अध्यापनात पहिल्या कामाचा विचार पुष्कळ होतो. साधने कोणती, टिपणे कशी घ्यावीत, मुलाखतीची प्रश्नावली कशी असावी, हे विद्यार्थ्याला शिकविले जाते. दुसऱ्या कामाचा विचार मात्र बहुधा संदर्भसूचीतील स्वल्पविराम आणि अर्धविराम यांच्यापाशीच थांबतो. त्यामुळे भरपूर साधने जमविलेला आणि तरीही कोणालाच न पटलेला लेख ही आपल्याकडील नित्याची गोष्ट होऊन बसली आहे.

मांडणीची कसोटी एका प्रश्नात सांगता येते : लेख वाचून झाल्यावर वाचकाला, त्याच लेखातील सामग्रीच्या आधारे, लेखकाच्या विरुद्ध मत बनविता येते काय? येत असेल तर पुरावा मांडला गेला आहे. येत नसेल, तर लेखकाने मत सांगितले आहे आणि त्याच्याभोवती ग्रंथांची नावे उभी केली आहेत. वाचकाला असहमत होण्याचा अधिकार आहे, आणि तो बजावण्याची साधने पुरविणे हे संशोधनलेखाचे पहिले कर्तव्य होय. हे म्हणणे वरकरणी उलटे वाटेल. परंतु मराठी संशोधनाचा इतिहास पाहिला असता त्याची सत्यता पटते.

२

हा प्रश्न मोठ्या विद्यापीठीय ग्रंथालयांपेक्षा तालुक्याच्या ठिकाणी अधिक निकडीचा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्याचे उदाहरण घ्यावे. कर्जतचे ग्रामदैवत संत गोदड महाराज असून आषाढ वद्य एकादशीला त्यांची रथयात्रा भरते. तालुक्यातच राशीनच्या देवीचे ठाणे आहे. भीमेच्या काठी अष्टविनायकांपैकी सिद्धटेक आहे. कीर्तन-भजनाची परंपरा, देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, घरोघरी बासनात असलेल्या पोथ्या अशी सामग्री या भागात आहे आणि ती अभ्यासू शकेल असे दादा पाटील महाविद्यालयासारखे जुने महाविद्यालय कर्जतमध्ये आहे. महाराष्ट्रातील शेकडो तालुक्यांची स्थिती थोड्याफार फरकाने हीच म्हणता येईल. या सामग्रीविषयीचे लेख तेथील अध्यापक आणि विद्यार्थीच लिहितात. पुष्कळदा तीच त्या सामग्रीची पहिली आणि शेवटची लेखी नोंद ठरते.

अशा नोंदीत किती लहान गोष्टीने पुरावा निकामी होतो, हे खुद्द ‘कर्जत’ या नावावरूनच दाखविता येते. महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक अहिल्यानगर जिल्ह्यात, दुसरे रायगड जिल्ह्यात मुंबई-पुणे लोहमार्गावर, उल्हास नदीच्या खोऱ्यात. पहिले देशावरचे आणि बोलीच्या दृष्टीने सोलापूर-बीड या बाजूंशी लागून असलेले. दुसरे घाटाखालचे, कोकणी वळणाच्या बोलींच्या शेजारचे. एखाद्या लेखात ओवी दिली आणि तिच्याखाली केवळ ‘कर्जत’ एवढेच लिहिले, तर लेखकाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना काहीच अडचण वाटत नाही. पंचवीस वर्षांनी नागपूर वा धारवाड येथे तो लेख वाचणाऱ्या भाषाभ्यासकाला मात्र त्या ओवीतील क्रियापदाच्या रूपावरून काहीही म्हणता येणार नाही. म्हटले तर ते चुकीचे ठरण्याचा संभव निम्मा असेल. एक शब्द, जिल्ह्याचे नाव, लिहिला न गेल्यामुळे पुरावा असूनही नसल्यासारखा झाला.

जिल्हा लिहूनही काम संपत नाही. जात्यावरची ओवी गाणारी बाई कर्जत तालुक्यात राहते, म्हणून ती ओवी कर्जतची होत नाही. लग्न होऊन ती करमाळ्याहून वा जामखेडहून आलेली असू शकते. ओवी तिने माहेरी आईच्या तोंडून घेतली असेल, सासरी जावेकडून घेतली असेल. ओवीच्या प्रदेशाविषयी काही म्हणावयाचे असेल, तर गाणारीचे सासर आणि माहेर ही दोन्ही गावे नोंदविणे अगत्याचे आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे महत्त्व एक लाखाहून अधिक या संख्येत आहेच. त्याहून अधिक महत्त्व ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव जोडलेले राहिले यात आहे. म्हणूनच तो संग्रह मूळ संकलकांच्या पश्चात इतरांनाही वापरता येतो. अर्थात नाव छापावयाचे तर त्या बाईची संमती घेणे आणि ती घेतल्याचे सांगणे हाही मांडणीचाच भाग होय.

३

पुराव्याची ही शिस्त बाहेरून आणावी लागते, असा एक समज आपल्या विद्यापीठांत रूढ आहे. वस्तुतः मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानला जातो, त्या लीळाचरित्रातच ती शिस्त आढळते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदाकाठच्या सराळ्याच्या म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली चक्रधरांच्या आठवणी एकत्र केल्या. त्यासाठी चक्रधरांचा सहवास लाभलेल्यांना भेटून, विचारून त्यांनी लीळा मिळविल्या. पुढे मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली आणि पंथीयांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, तेव्हा एकाच लीळेच्या भिन्न आठवणी समोर आल्या. त्या आठवणींपैकी एक ‘खरी’ ठरवून उरलेल्या पुसून टाकण्याचा मार्ग सोपा होता. ग्रंथाच्या पाठांत मात्र अमक्याची ‘वासना’ अशी, म्हणजे अमक्याची आठवण वेगळी आहे अशी, स्वतंत्र नोंद ठिकठिकाणी आढळते.

ज्यांच्या दृष्टीने चक्रधर हे परमेश्वरावतार होते, त्या श्रद्धावंतांनी आठवणींतील विसंगती झाकली नाही, ही गोष्ट आजच्या संशोधकाने नीट लक्षात घेतली पाहिजे. कोणी सांगितले आणि दुसऱ्याने काय वेगळे सांगितले, या दोन गोष्टी त्यांनी वाचकापुढे ठेवल्या. सात शतकांनंतर लीळाचरित्राच्या पाठांची चर्चा करणे शक्य होते ते त्या भेदांच्या नोंदींमुळे. आठवणींचा एकजीव, गुळगुळीत मजकूर करून ठेवला असता तर भाविकाला तो पुरेसा झाला असता. अभ्यासकाला त्यात शिरण्यास जागा उरली नसती.

कर्जतच्या गोदड महाराजांविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकापुढे आज नेमकी हीच निवड असते. त्याला कीर्तनकाराने सांगितलेली कथा मिळते, वृद्ध ग्रामस्थाने सांगितलेली थोडी निराळी कथा मिळते, एखादी पोथी मिळते आणि रथयात्रा तो स्वतः पाहतो. या चार गोष्टी चार निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. रथयात्रेतील आजची गर्दी हा आजच्या श्रद्धेचा पुरावा आहे. महाराजांच्या काळाविषयी ती काहीही सांगत नाही. कीर्तनकाराची कथा हा परंपरा स्वतःकडे कसे पाहते याचा पुरावा आहे. पोथी तिच्या लेखनकाळाविषयी बोलते, आणि तिच्यातील रचनेच्या काळाविषयी बोलावयाचे तर आणखी काही आधार लागतो. ‘संत गोदड महाराजांचे जीवनकार्य’ या एका मथळ्याखाली या चारही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या, तर लेख वाचनीय होईल. पण त्यातील कोणता धागा किती भार पेलतो, हे कोणालाच कळणार नाही.

सिद्धटेकविषयीही असेच म्हणता येते. पेशवाईतील सेनानी हरिपंत फडके यांनी सिद्धिविनायकाला प्रदक्षिणा घातल्या आणि त्यांना त्यांचे गेलेले पद परत मिळाले, असे तेथे सांगितले जाते. हरिपंतांचा मृत्यू १७९४ मध्ये सिद्धटेक येथे झाला, असे इतिहासात नमूद आहे. दोन्ही विधाने एकाच माणसाविषयी आणि एकाच स्थळाविषयी आहेत. पण एक क्षेत्राच्या माहात्म्यकथेचा भाग आहे, दुसरे ऐतिहासिक नोंदीचा. दुसऱ्याच्या खरेपणाने पहिले सिद्ध होत नाही. दोघांना एका वाक्यात बसवून ‘म्हणून’ या अव्ययाने जोडले की मात्र ते सिद्ध झाल्याचा भास होतो. मराठी संशोधनलेखांतील कितीतरी पुरावे असे एका अव्ययावर उभे असतात.

४

निरीक्षण आणि अनुमान यांची गल्लत प्रतिष्ठित प्रश्नांतही होते. ‘मराठीतील पहिले वाक्य कोणते?’ या प्रश्नाच्या उत्तरादाखल श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठ केले आणि त्यापुढे शके ९०५, इ.स. ९८३, हे वर्षही पाठ केले. या उत्तराची साखळी सुटी करून पाहिली, तर तीन कड्या दिसतात. पहिली : त्या ओळीत चावुंडरायाचे नाव आहे. हे निरीक्षण आहे, आणि कोणालाही जाऊन पाहता येते. दुसरी : चावुंडराय दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. हे अन्य साधनांवरून सिद्ध आहे. तिसरी : म्हणून ती ओळही दहाव्या शतकातील आहे. ही तिसरी कडी अनुमान आहे, आणि ती टिकण्यासाठी एक न सांगितलेले गृहीतक लागते : ओळ चावुंडरायाच्या हयातीतच कोरली गेली.

त्याच ठिकाणी दुसरी मराठी ओळ आहे. गंगराजाने सभोवतालचा सुत्तालय करविला, असे ती सांगते. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा मंत्री, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे आहे, तेव्हा त्या एकाच वेळी, इ.स. १११७ च्या सुमारास कोरल्या गेल्या असाव्यात, असे मत पुढे आले. ते मान्य केले, तर पहिल्या वाक्याचा मान अन्यत्र जातो. अक्षी येथील लेखाचे शके ९३४ हे शं. गो. तुळपुळे यांचे वाचन आणि त्यावरील मतभेद, तसेच सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० चा लेख, यांची चर्चा या संदर्भात महत्त्वाची ठरते.

येथे ‘पहिले वाक्य’ कोणते, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. मुद्दा मांडणीचा आहे. श्रवणबेळगोळच्या लेखाविषयी लिहिताना ज्याने तिन्ही कड्या स्वतंत्र मांडल्या, त्याचा निष्कर्ष चुकला तरी त्याचा लेख उपयोगी राहिला. कारण कोणती कडी कच्ची आहे हे पुढच्याला दिसले. ज्याने ‘इ.स. ९८३ मधील पहिले मराठी वाक्य’ एवढेच लिहिले, त्याने निष्कर्षालाच निरीक्षणाचा वेश दिला. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथाचे मोल येथेच आहे. लेखाचे वाचन समोर ठेवलेले असल्यामुळे त्यांच्या कालनिर्णयाशी असहमत होणाऱ्यालाही प्रथम त्यांच्याच पानाकडे जावे लागते.

याच अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे येथे जो खांब ज्ञानेश्वरांच्या नावाने पूजिला जातो आणि दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ (१९७०) मुळे जो साहित्याच्या अभ्यासकांच्या मनात घर करून आहे, त्याच्यावरही लेख कोरलेला आहे. तो करवीरेश्वराच्या नंदादीपाच्या तेलासाठी दिलेल्या दानाविषयी असून त्यात ज्ञानेश्वरांचे नाव नाही. यामुळे परंपरा खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून गीता सांगितली ही परंपरा. येथे करवीरेश्वराचे देऊळ होते हे कोरीव लेखाचे विधान. आणि ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणारे स्थलकालाचे उल्लेख हा ग्रंथांतर्गत पुरावा. तिन्हींना आपापल्या जागी ठेवणारा लेख श्रद्धेचाही अवमान करीत नाही आणि इतिहासाचाही.

५

मांडणीतील उणीव किती महाग पडते, याचे मोठे उदाहरण ज्ञानेश्वरीच्या संशोधनातच आहे. वि. का. राजवाडे यांना बीडच्या बाजूला ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या पाठशुद्धीच्या आधीची आहे, असे त्यांचे मत होते. तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. राजवाड्यांचा व्यासंग आणि भाषेची जाण यांविषयी दुमत नाही. परंतु मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. तिचे कागद, अक्षरवळण, खाडाखोड, समासातील नोंदी यांपैकी जे छापील पुस्तकात उतरले नाही, ते कायमचे गेले. पोथीच्या प्राचीनतेविषयी ज्यांना शंका आली, त्यांच्यापाशी ती पडताळण्याचा मार्ग उरला नाही. ज्यांना शंका आली नाही, त्यांच्यापाशीही विश्वासाखेरीज दुसरा आधार नाही. राजवाड्यांसारख्या साक्षेपी संशोधकाच्या बाबतीत हे घडू शकते, तर एखाद्या वाड्यातली पोथी तासाभरासाठी पाहून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत काय होत असेल, याची कल्पना करता येते.

याउलट उदाहरण ‘भारद्वाज’ या टोपणनावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रातून उपस्थित केलेल्या वादाचे आहे. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानेश्वर या दोन भिन्न व्यक्ती होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची तुलनेने अर्वाचीन. अभंगांत विठ्ठलभक्तीचा सतत घोष, ज्ञानेश्वरीत तो तसा नाही. अशी त्यांची कारणे होती. अभ्यासकांनी त्यांचा निष्कर्ष बहुशः स्वीकारला नाही. तथापि कारणे सुटी-सुटी मांडलेली असल्यामुळे उत्तरेही मुद्देसूद द्यावी लागली. अभंग तोंडोतोंडी चालत आले, म्हणून त्यांची भाषा गाणाऱ्यांबरोबर बदलत गेली. सबब भाषेच्या अर्वाचीनतेवरून कर्त्याचा काळ ठरत नाही, हे उत्तर त्यातूनच महत्त्वाचे ठरले. मौखिक परंपरेतील रचनेच्या काळाविषयी बोलताना आजही जी सावधगिरी बाळगावी लागते, तिच्यामागे हा वाद आहे. भारदे यांचे मत मागे पडले आणि त्यांची मांडणी उपयोगी पडली. उलट दिशेने, मत मान्य होऊन पुरावा हरवला, तर पुढच्या पिढीच्या हाती काहीच उरत नाही.

६

यावर एक आक्षेप येऊ शकतो. पोथ्या, शिलालेख, कालनिर्णय यांच्या बाबतीत हे सारे ठीक आहे; परंतु साहित्यसमीक्षा हा आस्वादाचा आणि अर्थनिर्णयाचा प्रांत असल्याने तेथे ‘पुरावा’ हा शब्द परका आहे, असे पुष्कळांना वाटते. हा आक्षेप वाटतो तितका बळकट नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीची भाषा माणदेशी आहे, हे विधान परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून शोधनिबंधांपर्यंत आढळते. त्याच्या पुष्ट्यर्थ दिली जाणारी अवतरणे बहुधा पात्रांच्या संवादांतून घेतलेली असतात. निवेदन करणारा मास्तर ज्या मराठीत कथा सांगतो, तिच्यातील अवतरण क्वचितच दिसते. कारण ती मराठी बव्हंशी प्रमाण वळणाची आहे. म्हणजे दिलेला पुरावा संवादांच्या भाषेचा आहे आणि काढलेला निष्कर्ष सबंध कादंबरीच्या भाषेचा. दोन्हींतील अवतरणे शेजारी शेजारी ठेवली असती, तर लेखक अधिक चांगल्या प्रश्नापाशी पोहोचला असता : निवेदकाची भाषा आणि गावाची भाषा यांतील हे अंतर कादंबरीत काय साधते? पुरावा नीट मांडण्याचा लाभ असा स्वतः लेखकालाही होतो. मांडताना त्याला आपल्या निष्कर्षाची रुंदी पुराव्याच्या रुंदीएवढी करावी लागते.

समीक्षालेखात अवतरणांची संख्या वाढविल्याने पुरावा वाढत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. एकाच प्रकारची दहा अवतरणे देण्यापेक्षा एक पुरेसे लांब अवतरण देऊन त्यातील कोणता शब्द, कोणती क्रियापदाची योजना, कोणता विराम आपल्या म्हणण्याला आधार देतो, हे बोट ठेवून दाखविणे अधिक परिणामकारक असते. ‘वारंवार’, ‘ठिकठिकाणी’, ‘बहुतेक’ हे शब्द मोजणीचे आहेत. ते वापरणाऱ्याने मोजलेले असले पाहिजे आणि किती पैकी किती, हे सांगितले पाहिजे. चाळीस कवितांपैकी अकरा कवितांत एखादी प्रतिमा येत असेल, तर ‘अकरा कवितांत’ असे लिहावे. त्यात रसिकतेची हानी होत नाही. मोजणी लांबलचक असेल, तर ती तक्त्यात द्यावी आणि तक्त्यातून काय दिसते ते मजकुरात एका वाक्यात सांगावे. तक्त्यात आहे तेच मजकुरात पुन्हा उतरवून पाने भरू नयेत.

मान्यवरांच्या मतांचा वापर हा आणखी एक दोष. एखाद्या ज्येष्ठ समीक्षकाने कृतीविषयी काही म्हटले आहे, हा त्या समीक्षकाच्या मताचा पुरावा आहे, कृतीचा नव्हे. तो समीक्षक कोणत्या आधारावर तसे म्हणतो, ते पाहून तो आधार वाचकापुढे ठेवला, तरच त्याच्या नावाचा उपयोग होतो. अन्यथा संशोधनलेख हा मतांची वंशावळ होतो. तिसऱ्याने दुसऱ्याचे, दुसऱ्याने पहिल्याचे नाव घ्यावे, आणि पहिल्याने ते विधान व्याख्यानात ओघात केलेले असावे, असे प्रकार घडतात. मूळ ग्रंथ न पाहता दुय्यम ग्रंथातून अवतरण घेतले असेल, तर तसे सरळ लिहिण्यात कमीपणा नाही. न लिहिण्यात मात्र अप्रामाणिकपणा आहे.

विरुद्ध पुरावा देण्याची भीती हे यापुढचे दुखणे होय. आपल्या मताला छेद देणारी ओळ दिसली, तर ती गाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. लेख दुबळा होईल असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. जाणता वाचक ती ओळ ओळखून असतोच. लेखात ती दिसली नाही, तर तो लेखकाच्या उरलेल्या पुराव्यावरही विश्वास ठेवीत नाही. ती दिसली आणि तिच्यासह मत कसे टिकते ते सांगितले, तर त्याचा विश्वास वाढतो. म्हाइंभटांच्या परंपरेतील ‘वासनां’नी लीळाचरित्राची विश्वसनीयता वाढविली, ती याच न्यायाने.

७

या साऱ्याला संस्थात्मक परिस्थितीची बाजू आहे, हे नाकारता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी लेखांना गुण लावले आणि लेखांची संख्या वाढू लागली. त्यातून उद्भवलेल्या नियतकालिकांच्या सुळसुळाटाला आवर घालण्यासाठी २०१८ मध्ये ‘केअर’ यादीची व्यवस्था जाहीर झाली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद करण्यात आली. पंधरा वर्षांत लेख मोजण्याचे इतके उपाय झाले; लेखातील पुरावा तपासण्याचा उपाय त्यांत नव्हता, आणि तो कोणत्याही यादीने होण्यासारखाही नाही. नियतकालिक चांगले की वाईट हे ठरविण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि अभ्यासकांवर आली असल्याने, ती कोणत्या निकषावर पार पाडावयाची, हा प्रश्न विभागांपुढे आहे. पुराव्याची मांडणी हा निकष त्यासाठी हाताशी आहे. तो लावण्यास खर्च येत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.

परीक्षक म्हणून लेख वाचणाऱ्या अध्यापकाने ‘विषय चांगला, भाषा ओघवती’ असा शेरा देण्यापूर्वी लेखातील मुख्य विधान कोणते, त्याचा आधार कोणत्या पानावर आहे आणि तो आधार वाचकाला पडताळता येईल काय, हे तीन प्रश्न विचारावेत. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचे टिपण हाती घेताना पोथी कोणाकडे आहे, किती पानांची, कोणत्या अवस्थेत, कोणत्या दिवशी पाहिली, छायाचित्र घेतले काय, हे विचारावे. ही उत्तरे लेखात अर्ध्या परिच्छेदात मावतात. पृष्ठमर्यादेचे कारण त्यासाठी पुढे करता येत नाही. प्रस्तावनेतील ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ या धर्तीची दोन पाने कमी केली तरी जागा पुरते.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला या शिस्तीची गरज सर्वांत अधिक आहे. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयातील छापील पुस्तकाविषयी लेख फसला, तर पुस्तक जागेवर असते. दुसरा कोणी येऊन ते पुन्हा वाचील. कर्जत, जामखेड वा करमाळ्याच्या एखाद्या खेड्यातील ऐंशी वर्षांच्या बाईची ओवी, किंवा वाळवी लागू घातलेली पोथी, यांना दुसरी संधी मिळण्याची खात्री नसते. तेथे लेख हीच पुढच्या अभ्यासकाच्या हाती पडणारी एकमेव प्रत असते. लेखकाने त्यातून काढलेला निष्कर्ष काळाच्या ओघात बदलेल, कदाचित हास्यास्पदही ठरेल. त्या लेखात ओवी जशी गायिली गेली तशी, गाणारीच्या सासर-माहेरच्या गावांसह, वेगळ्या पाठासह आणि ऐकणाऱ्याला न कळलेल्या शब्दावरील प्रश्नचिन्हासह उतरली असेल, तर तो लेख चुकीच्या निष्कर्षानंतरही वाचला जाईल. पुढच्या अभ्यासकाला त्यातून भिन्न मत बनविता येईल, आणि त्या बाईचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचेल.